पुरात वाहून गेलेली इशाऱ्याची व्यवस्था गावात पुन्हा उभी करताना

कृष्णाकाठच्या गावात पुराच्या इशाऱ्याची व्यवस्था नव्याने उभी करायची असेल, तर आरंभ यंत्रखरेदीपासून न करता गावातल्या भिंतींपासून करावा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांचे डाग अजूनही काही घरांवर दिसतात. रंगरंगोटीत ते नाहीसे होण्यापूर्वी प्रत्येक डागाची उंबऱ्यापासूनची उंची आणि पाणी कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता चढले, हे वहीत उतरवून घ्यावे. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. परंतु पलूस तालुक्यातल्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानाच्या, कडेला राहणाऱ्या माणसाला हे आकडे ऐकून आपल्या गोठ्यात पाणी केव्हा शिरणार हे कळत नाही. ते कळावे एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

त्यासाठी नदीवर पाण्याची उंची दाखवणारी गावाची स्वतःची पट्टी हवी. लोखंडी नळ रोवण्याच्या भानगडीत पडू नये. आमचा नळ वाहत आलेल्या एका ओंडक्याने पहिल्याच पावसाळ्यात वाकवला. जुन्या घाटाच्या दगडावर किंवा पुलाच्या खांबावर तैलरंगाने फूट आणि अर्धा फूट आखावेत, आणि पट्टीचे शून्य पुराबाहेरच्या एखाद्या पक्क्या खुणेशी, उदाहरणार्थ देवळाच्या जोत्याशी, मोजून जोडावे, म्हणजे रंग गेला तरी पट्टी पुन्हा त्याच उंचीवर आखता येते. गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी या कामाला पुरते. त्याच नळीने वस्तीतल्या प्रत्येक उंबऱ्याची उंची काढून ती पट्टीच्या हिशेबात चौकटीवर लिहावी. चौकटीवर ‘पट्टी ३१’, म्हणजे नदीवरच्या पट्टीवर ३१ फूट झाले की या उंबऱ्याला पाणी लागते, असे लिहिलेले असले, की म्हातारीलासुद्धा पुढचे समजावून सांगावे लागत नाही.

पर्जन्यमापक उघड्या जागी बसवावा. जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. मोजणी रोज सकाळी साडेआठलाच करावी, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हा बदलतो आणि आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर साठलेले २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. दोन लिटरची बाटली शंभर मिलिमीटरला भरते. पाटण तालुक्यात ती दिवसातून अनेकदा रिकामी करावी लागेल, आमच्याकडे तशी वेळ क्वचित येते.

आणि खरी मेख इथेच आहे. आमचा महापूर आमच्या पावसाने येत नाही. गावात ऊन पडलेले असते आणि नदी फुगत असते, कारण पाऊस महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगरला कोसळत असतो. म्हणून गावच्या पर्जन्यमापकाइतकेच महत्त्व वरच्या गावांतल्या दोन-तीन विश्वासू माणसांच्या फोनला द्यावे: एक कोयनेकडचा, एक कऱ्हाडचा, जिथे कोयना कृष्णेला मिळते, आणि एक बहे किंवा ताकारी पुलाजवळचा. कोयना धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. ११,५७४ क्यूसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी खाली येते, हा हिशेब पाठ असावा. मात्र निव्वळ विसर्गावर विसंबू नये, कारण धरणाखालच्या मुक्त पाणलोटातला, म्हणजे ज्याचे पाणी धरणात न अडता थेट नदीत येते त्या भागातला, पाऊस कोणत्याही दरवाजाला विचारून येत नाही. दरवाजे उचलल्याची वेळ आणि आपल्या पट्टीवर पाणी चढू लागल्याची वेळ शेजारी शेजारी लिहीत गेले, की दोन-तीन पावसाळ्यांत गावाचा स्वतःचा अंदाज तयार होतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पूर येतो की नाही, हा वाद पारावर खुशाल चालू द्यावा. वहीत तो लिहू नये.

इशारा पोहोचवताना वीज आणि मोबाईल दोन्ही बंद आहेत असे धरूनच योजना करावी, कारण पाणी रोहित्रापर्यंत आले की वीज तोडतात आणि टॉवरची बॅटरी फार काळ टिकत नाही. हाताने फिरवायचा भोंगा, हलगी आणि आकाशवाणी सांगली ऐकायला सेलवरचा रेडिओ, एवढे साहित्य पुरेसे आहे. नेटवर्क असेपर्यंत १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षाशी बोलून आपली पातळी कळवावी. हलगीचे ठोके दोनच प्रकारचे ठरवावेत: पहिले जनावरांसाठी, दुसरे माणसांसाठी. माणसे घर सोडत नाहीत ती बहुधा दावणीतल्या म्हशीपायी, म्हणून पट्टीवरच्या ज्या आकड्याला जनावरांचे ठोके वाजवायचे, तो माणसांच्या आकड्याहून निदान चार फूट खालचा ठेवावा आणि रस्ता कोरडा असतानाच जनावरे माळावर न्यावीत. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना बोटीच्या भरवशावर थांबू नका असे वेगळे सांगावे लागत नाही.

पट्टी वाचण्याची पाळी रात्री दोघांची लावावी, एकट्याची नव्हे. वहीची दुसरी प्रत माळावरच्या घरात ठेवावी. आमची पहिली वही ज्या कपाटात जपून ठेवली होती, ते कपाटच पाण्यात गेले.