डोमेन माझं, मेल मात्र मोठ्या ब्रँडचे

आडनावावरून घेतलेलं डोमेन, एका नामांकित ब्रँडपेक्षा एकाच अक्षराने वेगळं, त्यामुळे त्यांच्या ग्राहकांची बिलं, तक्रारी सगळं माझ्या इनबॉक्सात. फिल्टर लावले, ऑटो-रिप्लाय लावला तर तो स्पॅमवाल्यांनाच जायला लागला, डोकं फिरलं नुसतं.

कॅच-ऑल चालू होतं, म्हणजे डोमेनवरच्या कुठल्याही, अगदी नसलेल्या पत्त्यावरचा मेलही माझ्याकडेच, तेच मूळ. आधी बँक, रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी कंपनी) वगैरे ठिकाणी दिलेल्या प्रत्येक पत्त्याचं एलियस (त्याच इनबॉक्सात येणारा जादा पत्ता) बनवलं, मगच कॅच-ऑल बंद करून 'रिजेक्ट' निवडलं. 'डिस्कार्ड' नको, त्यात मेल गुपचूप गायब होतो आणि पाठवणारा उत्तराची वाट बघत बसतो. मग दुसऱ्या अकाउंटवरून मुद्दाम चुकीच्या पत्त्यावर मेल टाकला, ५५० ५.१.१ एरर (असा पत्ताच नाही) घेऊन परत आला, म्हणजे झालं. आणि हो, त्या ब्रँडला स्वतःहून "डोमेन विकत घेता का" विचारू नका, यूडीआरपीच्या (डोमेन आणि ट्रेडमार्कचे तंटे सोडवायची ठरलेली पद्धत) वादात ते वाईट हेतूचा पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं.