काडतूस चेंबरमध्ये नीट बसत नसेल तर या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या भागात पीक संरक्षणासाठी परवान्यावर रायफल बाळगणारे शेतकरी आहेत आणि सैन्यातून निवृत्त होऊन सुरक्षा रक्षकाची नोकरी करणारे जवानही आहेत. या दोघांकडून एकच तक्रार वारंवार ऐकू येते : काडतूस कारखान्याचे आहे, नव्या खोक्यातले आहे, तरीही ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या काडतुसाच्या जागेत, नीट शिरत नाही आणि बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ शेवटपर्यंत खाली बसत नाही. अशा वेळी बहुतेक जण काडतुसालाच दोष देतात आणि मुठीवर तळहाताने ठोका मारतात. पहिली चूक पैशाची आहे. दुसरी मात्र हात किंवा डोळा घेऊन जाऊ शकते. न बसणाऱ्या काडतुसावर बोल्ट दाबून बसवला, तर ते अडकून बसते किंवा बोल्ट पूर्ण कुलूपबंद नसताना बार उडण्याचा धोका राहतो. .२२ मापाच्या रायफलीत तर स्फोटक मिश्रण काडतुसाच्या काठातच असते, त्यामुळे चेंबरमध्ये पूर्ण न शिरलेल्या काडतुसाचा काठ बोल्टखाली चेमटला, तर ते घोडा न ओढताही उडू शकते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे हात थांबवणे. नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, बोट घोड्यापासून दूर ठेवावे, बोल्ट हळू मागे घ्यावा आणि बाहेर आलेले काडतूस नीट पाहावे. त्याच्या तोंडाशी गोळी आहे की नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. लांब बसलेली गोळी कधी नळीच्या आतल्या आट्यांत रुतते आणि बोल्ट मागे घेताना केस, म्हणजे काडतुसाचे पितळी नळकांडे, तेवढी बाहेर येते, गोळी आतच राहते, दारूचे बारीक दाणे बोल्टच्या खाचेत सांडतात. हे लक्षात न घेता दुसरे काडतूस भरणे म्हणजे बुजलेल्या नळीत बार काढणे होय. काडतूस बाहेरच येत नसेल, तर तोंडाकडून गज घालून ठोकू नये. आत जिवंत काडतूस आहे, हे विसरून केलेला तो उद्योग ठरतो. रायफल तशीच, सुरक्षित दिशेला धरून, परवानाधारक दुरुस्तीकाराकडे न्यावी किंवा त्याला बोलवावे.

दोष कुठे आहे, हे शोधण्याची पद्धत साधी आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या पेटीतून, भरताना अडते, पण तेच काडतूस बोल्ट काढून हाताने चेंबरमध्ये सोडले तर अलगद शिरते आणि नळी वर केल्यावर अलगद बाहेर पडते, असे असेल तर दोष मॅगझिनमध्ये, बोल्टमध्ये किंवा भरण्याच्या रीतीत आहे. हाताने सोडूनही ते अर्ध्यावर अडत असेल, तर चेंबर किंवा काडतूस यांपैकी एकाकडे पाहावे लागते. मग त्याच खोक्यातली आणखी काही, आणि जमल्यास दुसऱ्या उत्पादन-गटातली काडतुसे सोडून पाहावीत. एखादेच अडले तर ते एकटे सदोष आहे. सगळीच अडली, तर मला तरी आधी चेंबरचाच संशय येतो, कारण कारखान्यात काडतुसे मापांवर तपासून बाहेर पडतात, पण आपल्या घरातल्या चेंबरची तपासणी आपल्याशिवाय कोणीच करत नाही. ही चाचणी बोल्ट पूर्ण बाहेर काढूनच करावी. बोल्टबरोबर फायरिंग पिन बाहेर गेलेली असल्यामुळे ती निर्धोक राहते.

चेंबर खराब होण्याला आपल्या भागात खास कारणे आहेत. घाटमाथ्यावरचा पाऊस इतका दाट असतो की भिंतीला लावलेल्या रायफलीच्या पोलादावर काही दिवसांत गंजाची तांबूस पूड दिसू लागते. त्यातच निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात. कर्नाटक विधानसभेचे मतदान मे २०२३ मध्ये आणि बेळगावचे लोकसभेचे मतदान मे २०२४ मध्ये झाले. म्हणजे सलग दोन वर्षे जमा केलेली शस्त्रे परत घेण्याची वेळ पावसाच्या तोंडावरच आली. जमा करताना चोपडलेले ग्रीस घट्ट होऊन चेंबरच्या खांद्याशी, म्हणजे ते पुढे निमुळते होते तिथे, कडे धरते. ते न पुसता काडतूस भरले की मूठ शेवटच्या इंचावर अडते आणि दोष काडतुसाचा समजला जातो. काही घरांत बंदुकीला खोबरेल लावण्याची जुनी सवय आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे खानापुरात ते चेंबरमध्ये पांढऱ्या थराच्या रूपात बसलेले आढळते.

उपाय म्हणजे चेंबरच्या मापाचा ब्रश, बंदुकीसाठीचे साफसफाईचे द्रावण आणि कोरडी चिंधी. नळीचा ब्रश चेंबरला पुरत नाही, कारण चेंबर नळीपेक्षा रुंद असते. नळीतून दहा वेळा चिंधी फिरवूनही चेंबर घाणच राहते. साफ केल्यावर टॉर्च धरून आत पाहावे. सगळीकडून सारखी चकाकी दिसली पाहिजे. कुठे काळे कडे, खड्डे किंवा पितळेचे अर्धवट नळकांडे दिसले, तर थांबावे. हे नळकांडे म्हणजे आधी उडालेल्या, मधून तुटलेल्या केसचा पुढचा भाग असतो, आणि तो आत असेपर्यंत कोणतेही काडतूस पूर्ण बसणार नाही. आधीच्या रिकाम्या केसची लांबी पाहिली की याची खूण पटते. तुटलेल्या केसचा अर्थ चेंबर आणि बोल्ट यांमधले माप, म्हणजे हेडस्पेस, बिघडलेले असू शकते असाही होतो, तेव्हा अशी रायफल गेजने, म्हणजे ठरावीक मापाच्या साधनाने, तपासून घेतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. .२२ वाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आखूड काडतुसे बरीच उडवल्यावर चेंबरच्या पुढच्या भागात शिसे, मेण आणि काजळी यांचे कडे धरते आणि मग नेहमीची लांब काडतुसे अडू लागतात.

जमा केलेल्या शस्त्रांच्या बाबतीत एक तपासणी मी सर्वांना आवर्जून करायला सांगतो. एकाच बनावटीच्या अनेक रायफली एकत्र ठेवलेल्या असतात आणि बोल्ट वेगळे काढलेले असले तर त्यांची अदलाबदल होऊ शकते. बोल्टवर क्रमांक कोरलेला असेल, तर तो रायफलीच्या क्रमांकाशी जुळवूनच ताब्यात घ्यावा. दुसऱ्याचा बोल्ट कधी मिटतच नाही, आणि कधी मिटतो पण हेडस्पेस चुकीचा राहतो. यांतला दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण तो जाणवत नाही.

.३१५ चे काडतूस काठाचे असते, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली रिम असते. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे यायला हवी. ती मागे राहिली, तर बोल्ट पुढे नेताना वरचे काडतूस खालच्याला ओढते आणि दोन्ही अडतात. येथे कसलाही बिघाड नसतो, फक्त भरण्याची रीत चुकलेली असते. .३०-०६ च्या काडतुसाला अशी बाहेर आलेली रिम नसते. ते खांद्यावर, म्हणजे केस मानेकडे निमुळती होते त्या भागावर, टेकते, त्यामुळे त्याच्या खांद्याला लागलेला ठोका किंवा आत गेलेली मान लगेच जाणवते.

आता खुद्द काडतुसांविषयी. खोक्यावरचे नाव आणि केसच्या बुडावरचा ठसा परवान्यातल्या व रायफलीवरच्या मापाशी जुळतो का, हे दरवेळी पाहावे. खोके बदललेले असू शकते, ठसा बदलत नाही. नंतर काडतूस कोऱ्या पांढऱ्या कागदावर लोळवावे. वाकडी गोळी डगमगताना लगेच दिसते. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे खोचलेल्या काडतुसांवर चामडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे हिरवा गंज चढतो, आणि चेंबरमध्ये अडण्याइतका जाड थर त्यातून तयार होतो. तो काचकागदाने घासून काडतूस वापरणे चुकीचे आहे, कारण पितळ पातळ होते. काडतुसाला तेल लावून सरकवणे हीदेखील घातक सवय आहे : तेलामुळे उडताना केस चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही, बोल्टवर मागचा जोर वाढतो, आणि तेल बुडाच्या टोपीत, म्हणजे बार पेटवणाऱ्या भागात, झिरपले तर बारच फुकट जातो.

रक्षकाची नोकरी करणाऱ्यांकडे वेगळाच प्रकार दिसतो. रोज सकाळी तीच काडतुसे भरायची आणि संध्याकाळी तीच काढायची, असे महिनोन्महिने चालते. दरवेळी गोळीचे टोक चेंबरकडे नेणाऱ्या चढणीवर आपटते, ती थोडी थोडी आत ढकलली जाते, आणि रिमवर एक्स्ट्रॅक्टरचे, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याचे, ओरखडे वाढत जातात. आत गेलेल्या गोळीमुळे दाब वाढतो, म्हणून असे काडतूस चेंबरमध्ये बसले तरी ते बाद करावे. नव्या काडतुसाशेजारी उभे धरले की उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो. कॅलिपर, म्हणजे बारीक लांबी मोजण्याचे साधन, असेल तर उत्तमच.

दोष काडतुसाचाच ठरला, तर ते मलप्रभा नदीत टाकून किंवा शेतात पुरून मोकळे होऊ नये. शस्त्र परवान्यावरील काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो आणि कमी भरलेले एकेक काडतूस पुढे चौकशीचे कारण बनते. जिथून घेतले त्या परवानाधारक विक्रेत्याकडे खोक्यासह, उत्पादन-गटाच्या क्रमांकासह न्यावे आणि परत केल्याची लेखी नोंद घ्यावी. दुरुस्ती लागली, तर गावच्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे चेंबर घासायला देऊ नये. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि एकदा मोठे झालेले चेंबर पुन्हा लहान करता येत नाही. दुरुस्तीकाराकडे जाताना अडलेली काडतुसे, त्याच रायफलीतून उडालेल्या एक-दोन रिकाम्या केस आणि कोणत्या चाचणीत काय आढळले याची चिठ्ठी सोबत न्यावी.