आतड्यातील जीवाणू आणि दाहक विकार : पीएचडीच्या संशोधनात या चुका टाळा

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दोन प्रमुख दाहक विकारांत जीवाणूंचे चित्र साधारण कसे दिसते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. जीवाणूंची विविधता घटते, ब्युटिरेट (आतड्याच्या अस्तराच्या पेशींना ऊर्जा देणारे आम्ल) तयार करणारे फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी यांसारखे जीवाणू कमी होतात आणि ई. कोलाय ज्या कुळातला आहे त्या कुळाचे प्रमाण वाढते. नव्या संशोधकासाठी खरा धोका इथेच आहे, कारण प्रतिजैविके, साधे जुलाब, उन्हात राहिलेला शौचाचा नमुना आणि डीएनए काढण्याची अपुरी पद्धत या सर्वांमुळेही जवळपास हेच चित्र उमटते. त्यामुळे चुकीच्या पद्धतीने केलेल्या अभ्यासालाही अपेक्षित उत्तर मिळते आणि मार्गदर्शकांसकट कोणालाच शंका येत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडमधील रुग्णांवर काम करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण येथील ऋतुचक्र आणि अंतरे या चुकांना चांगलीच साथ देतात.

ऋतूचा घोळ

नेहमी घडणारी चूक अशी की, रुग्णांचे नमुने ते दवाखान्यात येतील तसे वर्षभर घेतले जातात आणि निरोगी व्यक्तींचे नमुने मात्र दिवाळीनंतर, रस्ते कोरडे झाल्यावर, एखाद्या आरोग्य शिबिरात एकाच फटक्यात गोळा होतात. कोकणात जून आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांतले ताट एकच नसते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीची जागा सुकट आणि सुके बोंबील घेतात. पुढे श्रावण लागला की अनेक घरांत मासळी पूर्ण बंद होते. त्यात पावसाळ्यातले पाणी आणि त्यातून होणारे जुलाब यांची भर पडते. अशा वेळी दोन गटांत दिसलेला फरक रोगाचा की पावसाचा, हे नंतर कोणतेही संगणकीय प्रारूप खात्रीने सांगू शकत नाही. प्रत्येक रुग्णासोबत त्याच पंधरवड्यात, त्याच तालुक्यातील, साधारण त्याच वयाची निरोगी व्यक्ती घ्यावी. घरातलीच व्यक्ती घेतल्यास आहार जुळतो, परंतु रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांचे जीवाणूही काही अंशी वेगळे असू शकतात. म्हणून शेजारच्या घरातलीही एक व्यक्ती घेतलेली बरी. गणपतीला आलेला चाकरमानी नोंदवहीत गावचा पत्ता देतो, पण वर्षातले बहुतेक दिवस मुंबईत जेवतो. पत्त्याऐवजी मागील सहा महिन्यांचे वास्तव्य विचारावे.

औषधांची अर्धवट चौकशी

‘गेल्या तीन महिन्यांत प्रतिजैविक घेतले का?’ या प्रश्नाला मिळालेले ‘नाही’ हे उत्तर तसेच लिहून घेणे, ही माझ्या मते या साऱ्या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी चिखलात काम करणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या घेणारा माणूस आजारी नसतो, त्यामुळे औषध घेतल्याची आठवण त्याला राहत नाही आणि तो निश्चिंतपणे तुमच्या निरोगी गटात बसतो. प्रश्न प्रसंगानुसार विचारावा : लावणीच्या वेळी आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळाल्या होत्या का, तापासाठी डॉक्टरांनी काय दिले, दाढ काढली होती का. शक्य असेल तर गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि जुन्या चिठ्ठ्या पाहाव्यात. पित्तासाठी रोज घेतली जाणारी ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल यांचीही नोंद हवी. या औषधांमुळे एरवी तोंडात आढळणाऱ्या जीवाणूंचे प्रमाण आतड्यात वाढते.

क्रोन्सच्या रुग्णांबाबत आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. लहान आतड्याचा शेवट आणि मोठ्या आतड्याची सुरुवात जिथे जुळते, तिथे क्रोन्स आणि क्षयरोग दोन्ही होतात आणि दुर्बिणीतूनही ते पुष्कळदा सारखेच दिसतात. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात डॉक्टर अनेकदा आधी क्षयाचे औषध सुरू करून पाहतात, आणि ते योग्यही असते. परंतु त्या उपचारातील रिफॅम्पिसिन क्षयाखेरीज इतरही अनेक जीवाणूंवर चालते. निदान क्रोन्सचे ठरेपर्यंत रुग्णाने ते कित्येक आठवडे घेतलेले असते, आणि मग आपण त्याच्या आतड्यातील घटलेली विविधता क्रोन्सच्या खात्यावर मांडतो. असे रुग्ण वगळावेत किंवा त्यांचा स्वतंत्र गट करावा.

नमुना कधी आणि कसा

रुग्ण कोलोनोस्कोपीसाठी आलाच आहे, तर त्याच दिवशी नमुना घेऊ, असा मोह होतो. आतडे साफ करण्यासाठी दिलेल्या औषधाने तोवर जीवाणूंचा मोठा भाग वाहून गेलेला असतो. नमुना ते औषध घेण्याआधीचा असावा. ते जमले नाही तर काही आठवडे थांबावे. प्रत्येक नमुन्यासोबत ब्रिस्टल मापनानुसार शौचाचा घट्टपणा नोंदवावा, कारण निरोगी माणसांतही जीवाणूंमधील फरकाचा मोठा भाग त्याच्याशी जोडलेला असतो. रोग भडकलेला आहे की शांत, हे केवळ लक्षणांवरून न ठरवता फिकल कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातील दाह दाखवणारे शौचातील प्रथिनही मोजावे.

नमुना सकाळी सावंतवाडीजवळच्या वाडीत घेतला, दुपारपर्यंत पिशवीत राहिला आणि रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईला निघाला, तर वाटेत ई. कोलायच्या कुळाला वाढायला भरपूर वेळ मिळतो. मासळीच्या थर्माकोलच्या डब्यातला बर्फ तापमान शून्य अंशाच्या खाली नेत नाही. काही तासांसाठी तो ठीक आहे, रात्रभरासाठी नाही. उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर जवळ नसेल, तर नमुना स्थिर ठेवणाऱ्या द्रवाच्या नळ्या किंवा ९५ टक्के इथेनॉल वापरावे. ७० टक्के इथेनॉल सहज मिळते, पण या कामाला ते योग्य नाही. जीवाणू जिवंत वाढवून पाहायचे असतील, तर मात्र ही द्रवे उपयोगाची नाहीत. प्रॉस्निट्झीला प्राणवायूचा स्पर्शही सोसत नाही, त्यामुळे त्याचे काम प्रयोगशाळेच्या शेजारच्या रुग्णांवरच करणे शहाणपणाचे ठरते. जिथे डीप फ्रीझर आहे, तिथे पावसाळ्यात वीज गेल्यावर जनरेटर खरोखर सुरू झाला का, हे सांगणारी तापमानाची नोंद ठेवावी. वितळून पुन्हा गोठलेला नमुना बाहेरून ओळखू येत नाही.

प्रयोगशाळेत आणि नंतर

डीएनए काढताना बारीक मण्यांनी पेशी फोडण्याची पायरी वगळली, तर जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू कमी दिसतात. प्रॉस्निट्झीचे अनेक भाईबंद त्यातच येतात. रुग्णांचे नमुने एका खेपेत आणि निरोगींचे दुसऱ्या खेपेत चालवू नयेत. दोन्ही सरमिसळ करून लावावेत आणि प्रत्येक खेपेत नमुना न घातलेली एक नळी ठेवावी, कारण डीएनए काढण्याच्या किटमध्येही जीवाणूंचे डीएनए असते. १६एस अनुक्रमणातून, म्हणजे एका ठरावीक जनुकावरून जीवाणू ओळखण्याच्या पद्धतीतून, मिळतात ती प्रमाणे, संख्या नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रोन्सच्या रुग्णांमध्ये जीवाणूंची एकूण संख्याच कमी आढळली होती. केवळ टक्केवारी पाहिली असती, तर हे कळले नसते. उंदरांवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. तेव्हा पाच उंदरांचा पिंजरा म्हणजे पाच स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत.

नमुने आधीच गोळा झाले असतील आणि वरीलपैकी काही चुकले असेल, तर सगळे टाकून देण्याची घाई करू नये. ऋतू, औषधे आणि प्रवासाचे तास यांची माहिती रुग्णांना पुन्हा फोन करून जितकी मिळेल तितकी भरून काढावी; मात्र संमतिपत्रात पुन्हा संपर्काची मुभा आहे का, हे आधी पाहावे आणि नसल्यास नैतिक समितीकडे जावे. मग शंकास्पद नमुने वगळून विश्लेषण पुन्हा करावे आणि दोन्ही निकाल प्रबंधात शेजारी शेजारी मांडावेत. निष्कर्ष त्यात टिकला नाही, तर प्रश्न आकसून घ्यावा : रोगी विरुद्ध निरोगी ही तुलना सोडून, एकाच ऋतूत आलेल्या रुग्णांमध्ये रोग भडकलेला आणि शांत असताना काय बदलते, एवढेच विचारावे. अमेरिकेतील ज्या प्रकल्पाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यात १३२ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला होता, तो याच कारणासाठी. एकाच माणसाची त्याच्याशीच तुलना केली, की आहार आणि गाव यांचे बरेचसे फरक आपोआप गळून पडतात. हाताशी तीस रुग्ण असतील आणि त्यांतले वीस जण तिमाही नमुना द्यायला तयार असतील, तर प्रबंधाचा उरलेला काळ त्यातच घालवावा.