नवरीच्या फोटोचं रीटचिंग: मूळ लेअरला हात न लावता

फोटोशॉपमध्ये फोटो लेअरचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांचा असतो. 'बॅकग्राउंडची (तळच्या मूळ लेअरची) कॉपी काढा आणि त्यावर काम करा, मूळ फोटो सुरक्षित' हा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो ऐकू नका. कॉपीवर जागोजागी ब्रश फिरवल्यावर त्यातली एकच जागा पूर्ववत करायची म्हटली की अडायला होतं, आणि फाइल फुगते ती वेगळीच. डीपी रोडच्या लॉनवर लग्न उरकतं, अल्बम छपाईला निघतो आणि नवरीची आई फोन करते, "अहो, हनुवटीवरचा तीळ का काढलात? तो राहू द्या." तेव्हा फक्त तीळच परत यायला हवा.

फोटोशॉपमध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडा, म्हणजे तिची सेटिंग नंतरही बदलता येतात; रंगांच्या बारीक छटांसाठी 16 बिटमध्ये. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा पिवळट-निळसरपणा, आत्ताच पक्का करा. डाग काढून झाल्यावर तो बदललात, तर खालचा फोटो बदलेल आणि वरच्या लेअरवर डाग झाकणारे ठिपके जुन्याच रंगाचे राहतील.

आता फोटोवर एक रिकामा लेअर घ्या, हीलिंग ब्रश (चांगली त्वचा उचलून डागावर मिसळणारा) निवडा आणि वरच्या पट्टीत 'सॅम्पल'पुढे, म्हणजे त्वचा कुठल्या लेअरवरून उचलायची तिथे, काय लिहिलंय ते आधी वाचा. सगळं इथेच फसतं. 'करंट लेअर' असेल तर रिकाम्या लेअरमधून उचलायला काहीच नसतं. ही चूक निदान लगेच कळते. 'ऑल लेअर्स' जास्त घातक, कारण त्यात काम होतंय असं वाटतं. समजा वर कर्व्हजचा (उजेड कमी-जास्त करणारा) लेअर टाकून चेहरा उजळलाय. ब्रश ती उजळलेली त्वचा उचलून खालच्या लेअरवर ठेवतो आणि कर्व्हज तिला पुन्हा उजळतो. गालावर फिके ठिपके उठतात. मग लोक ब्रशचा हार्डनेस (कडेचा कडकपणा) बदलत बसतात. मीही बसायचो. दोष ब्रशचा नसतोच.

'करंट अँड बिलो' ठेवा. शेजारचं, अ‍ॅडजस्टमेंट लेअर (कर्व्हजसारखे रंग-उजेड बदलणारे) वगळणारं बटणही चालू करा. रंग-उजेडाचे सगळे लेअर या डागांच्या लेअरच्या वरच राहू द्या, खाली एकही नको. मग तीळ परत हवा असेल तर त्या लेअरवर तेवढ्या जागी खोडरबर फिरवला की झालं.

दुसरा धोका नथीपाशी. हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग ओढून घेतो, त्यामुळे मोत्यांच्या कडेला त्वचा मळकट होते. मुंडावळ्या आणि कुंकवाच्या कडेलाही तेच. आधी लॅसोने (हाताने रेघ ओढून भाग निवडायचं टूल) फक्त त्वचेचा भाग निवडा, नथ बाहेर ठेवा, मग ब्रश फिरवा. अगदी कडेला टेकलेला डाग असेल तर सरळ क्लोन स्टॅम्प घ्या, तो रंग न मिसळता जसाच्या तसा तुकडा ठेवतो. त्याचं 'सॅम्पल' वेगळं असतं, तेही तपासा.

मानेवर उरलेली हळद: ह्यू-सॅच्युरेशनच्या लेअरमध्ये पिवळा कमी करा, मास्क (लेअर कुठे दिसेल ते ठरवणारा; काळ्या जागी तो दिसत नाही) उलटा करून काळा करा आणि पांढऱ्या ब्रशने फक्त मानेवर हलकेच रंगवा. शालूची जर आहे तशीच राहते.

डोळ्यांखालच्या सावल्यांसाठी डॉज टूल (उजळायचं टूल) नको, ते थेट पिक्सेल बदलतं. 50 टक्के करड्या रंगाचा लेअर 'सॉफ्ट लाइट' मोडमध्ये घ्या, त्यात करडा दिसत नाही आणि पांढरा फक्त उजळतो; मग पांढरा ब्रश 2-3 टक्के फ्लोवर (रंग सुटण्याचा वेग) चालवा.

फाइल पीएसडीत (फोटोशॉपची लेअर जपणारी फाइल) सेव्ह करा, 2 जीबीच्या वर गेली तर पीएसबीत (तिचाच मोठ्या फाइलींसाठीचा प्रकार). छपाईवाल्याला जेपेग वेगळी काढून द्या. लेअरवाली फाइल कुणी कितीही घाई केली तरी फ्लॅटन करू नका, म्हणजे सगळे लेअर एकात मिसळू नका.