लॉगिन होतं, पण टिकत नाही: फ्रंटएंड-बॅकएंड वेगळे असताना या चुका टाळा

‘पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायच्या टूलमध्ये) चालतंय, ब्राउझरमध्येच अडतंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडायला लावतो. कॉर्स म्हणजे एका ओरिजिनवरच्या (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणाऱ्या पत्त्यावरच्या) पानाला दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर वाचू द्यायचं का, हे ठरवणारे ब्राउझरचे नियम. पोस्टमनला ते लागूच नाहीत, त्यामुळे तिथे चाललं यावरून काहीच सिद्ध होत नाही.

सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे कॉर्सची एरर दिसली की ओरिजिनच्या जागी स्टार (*, म्हणजे ‘कुणीही चालेल’) टाकून मोकळं होणं. लॉगिनची ओळख ठेवणारी कुकी पाठवायची असेल तर स्टार चालत नाही, ब्राउझर उत्तर अडवतोच. बॅकएंडवर फ्रंटएंडचा नेमका ओरिजिन लिहा, क्रेडेन्शियल्सना (कुकी वगैरेंना) परवानगी द्या आणि फेचमध्ये क्रेडेन्शियल्स ‘इन्क्लूड’ करा. तिन्ही हवेत. काही उतावळे येईल तो ओरिजिन जसाच्या तसा परत पाठवतात. त्यात कुकी ‘सेमसाइट नन’ (दुसऱ्या साइटवरून केलेल्या रिक्वेस्टसोबतही जाणारी) असली, की कुठलीही परकी साइट तुमच्या युजरच्या नावाने एपीआयमधला डेटा वाचू शकते.

एका टीमचं लचांड मी निस्तरलं होतं. लोकलहोस्टवर (स्वतःच्याच मशीनवर) सगळं सुरळीत, कारण पोर्ट बदलला तरी साइट तीच राहते. मग फ्रंटएंड एका फुकट होस्टिंगच्या पत्त्यावर गेलं, बॅकएंड दुसऱ्याच. कुकी जाईना. कुणीतरी ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ (कुकी फक्त एचटीटीपीएसवर) लावलं, क्रोममध्ये जमलं, सगळे खूश. आयफोनवर मात्र लॉगिनला 200 (यशस्वी), पुढच्याच रिक्वेस्टला 401 (ओळख पटली नाही), की परत लॉगिन पेज. टीमने टोकनची (लॉगिननंतर मिळणाऱ्या ओळखपत्राची) लायब्ररीसुद्धा बदलून पाहिली. दोष तिथे नव्हताच: सफारी 2020 पासून थर्ड-पार्टी कुकी (उघडलेल्या पानाच्या साइटऐवजी दुसऱ्याच साइटची) सरसकट अडवते. स्वतःचं डोमेन घेतलं, ‘ॲप’ आणि ‘एपीआय’ असे दोन सबडोमेन केले, दोन्ही एकाच साइटचे झाल्याने कुकी पुन्हा ‘लॅक्स’वर (परक्या साइटवरून केलेल्या फेचसोबत न जाणारी) आणली. प्रश्न मिटला. मी तर डोमेन आधी ठरवतो, कोड नंतर.

ऑप्शन्स रिक्वेस्टला (खऱ्या रिक्वेस्टआधी ब्राउझर परवानगी विचारतो तिला) 401 येतंय? बॅकएंडवर कॉर्सचं मिडलवेअर (रिक्वेस्ट वाटेत हाताळणारा कोड) ऑथच्या, म्हणजे लॉगिन तपासणीच्या, आधी लावा.

लोकलहोस्ट आणि 127.0.0.1 ब्राउझरला वेगळे वाटतात, एकच वापरा.

टोकन लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या, जावास्क्रिप्टला खुल्या साठ्यात) ठेवू नका. पानावर घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते उचलते. ‘एचटीटीपी-ओन्ली’ कुकी जावास्क्रिप्टला वाचता येत नाही, म्हणून मी तीच वापरतो. ट्यूटोरियलवाल्यांना लोकलस्टोरेज सोपं पडतं, एवढंच.

जेडब्ल्यूटीचा (टोकनच्या नेहमीच्या प्रकाराचा) मजकूर कुणालाही वाचता येतो. सही असते, कुलूप नसतं.

आणि फ्रंटएंडवर ॲडमिनचं बटण लपवलं म्हणजे परवानगी तपासली असं होत नाही. तपासणी प्रत्येक रिक्वेस्टला बॅकएंडवरच करा.