मॅग्नेशियममधले ट्विन तपासताना या चुका टाळा

माझा पहिला नमुना मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वाइसमध्ये आवळून हॅक्सॉनं कापून घेतला होता. मायक्रोस्कोपखाली ग्रेनाग्रेनांत (धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनतो त्यांत) भाल्याच्या पात्यासारख्या पट्ट्या दिसल्या, तेही दाब द्यायच्या आधीच! या पट्ट्या म्हणजेच ट्विन (जोर पडल्यावर स्फटिकाचा जो भाग आरशातल्या प्रतिमेसारखा वळतो तो), आणि ते आमच्या कापण्यानंच उठले होते. मॅग्नेशियममध्ये ते फार कमी जोरावर उठतात. म्हणून वायरकट (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणं) करून घ्या, मग अनीलिंग (तापवून आतला ताण घालवणं), आणि पॉलिश हलक्या हातानं. पाण्यानं पृष्ठभाग काळवंडतो, त्यामुळे अल्कोहोल वापरा. पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ते भराभर उडतं, कापड कोरडं पडतं आणि ओरखडे येतात. चुरा पेटला तर पाणी चुकूनही ओतू नका, धातूच्या आगीची कोरडी पावडर हाताशी ठेवा.

एक्सट्रूड केलेली (साच्याच्या भोकातून दाबून काढलेली) कांडी लांबीच्या दिशेनं ओढली आणि ट्विन फारसे मिळाले नाहीत, तर यंत्राला दोष देऊ नका. नेहमीचा ट्विन स्फटिकाचा सी-अक्ष (त्याच्या षटकोनी रचनेचा उभा अक्ष) ताणला गेला तरच होतो. अशा कांडीत तो अक्ष बहुतेक आडवा असतो, म्हणून ती लांबीनं दाबावी लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ट्विनला ग्रेनमधली नुसती रेघ समजणं. ट्विनच्या आत स्फटिकाची जाळी सुमारे 86 अंशांनी वळलेली असते. त्याची सीमा पुढं सरकते तशी वाटेतली डिसलोकेशन (अणूंच्या रांगांमधले रेषेसारखे दोष, ज्यांच्या सरकण्यानं धातू वाकतो) गिळत जाते. बेसल प्रतलावर (सी-अक्षाला काटकोनात असलेल्या पातळीवर) सहज घसरणारं डिसलोकेशन आत गेल्यावर भलत्याच प्रतलावर सापडतं. काहींच्या सरकण्याच्या दिशेला सी-घटक (सी-अक्षाच्या दिशेचा भाग) चिकटतो आणि ती जागीच अडकतात. आत बेसल स्टॅकिंग फॉल्टही (अणूंच्या थरांचा क्रम चुकलेल्या जागा) आढळतात. त्यातून धातू नेमका किती कठीण होतो, यावर संशोधकांत अजून एकमत नाही, म्हणून थेसिसमध्ये ठाम वाक्य टाकू नका. टीईएममध्ये (पातळ नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये) एकाच जी-व्हेक्टरनं, म्हणजे प्रतिमेसाठी निवडलेल्या एकाच विवर्तन दिशेनं, पाहून निष्कर्षही काढू नका: सी-अक्षाच्या दिशेचा 0002 घेतला की ए-प्रकारची (बेसल प्रतलातल्या दिशेनं सरकणारी) डिसलोकेशन दिसेनाशी होतात. ट्विनच्या आतलं पाहायचं तर त्याच्या स्वतःच्या जाळीनुसार नमुना पुन्हा झुकवावा लागतो.

ईबीएसडीत (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं प्रत्येक बिंदूवर स्फटिकाची दिशा मोजून नकाशा काढण्याच्या पद्धतीत) आणखी एक फसगत होते. ट्विन वाढत वाढत जवळजवळ अख्खा ग्रेन व्यापतो, मग सॉफ्टवेअर उरलेल्या मूळ भागालाच ट्विन ठरवतं. आपली सोलापुरी चादर उलटी केली की नक्षी आणि जमीन यांचे रंग अदलाबदल होतात, तसंच. त्यासाठी तोच भाग 2, 4, 6 टक्के दाबल्यावर टप्प्याटप्प्यानं स्कॅन करा.