खान्देशात केशर करताय? मग या चुका टाळा

केशराचं बी विकायला कोणी आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. केशराला बी धरतच नाही, ते कंदावरच वाढतं. 'अमेरिकन केशर' म्हणून जे बी खपवतात ना भाऊ, ती आपली करडई आहे, पाकळ्या वाळवल्या की लांबून केशरच वाटतं पण विकायला गेलं की केशराचा भाव कोणी देत नाही. खऱ्या केशराचं फूल जांभळं असतं आणि पैसा फक्त आतल्या तीन लाल काड्यांचा.

कंद घेताना एकेक हातात घेऊन दाबून बघा. मऊ लागला, बुरशीचा वास आला तर बाजूला, आपल्याकडे कंद बंद खोलीत ट्रेमध्येच ठेवावे लागतात आणि एक सडका कंद अख्खा ट्रे खराब करतो. आणि 8 ग्रॅमच्या खालचे स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका, त्यांना बहुतेक पानंच येतात, फूल नाही. किलोचा भाव ऐकून लोक हुरळतात पण एक किलो सुक्या केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, चांगल्या कंदाला दोन-तीन फुलं धरा, म्हणजे पन्नास-पंचाहत्तर हजार कंद लागले, 8 ग्रॅमचा एक धरला तरी चारशे ते सहाशे किलो झाले, हा हिशोब आधी करा मग कर्ज काढा.

आता सगळ्यात मोठी चूक. मे महिन्यात कंद झोपलेले दिसतात म्हणून लोक त्या खोलीत एसी लावत नाहीत, तो थेट सप्टेंबरमध्ये लावतात. अहो, फूल आत तयार होतं ते उन्हाळ्यातच, त्याला 23 ते 27 डिग्री लागतं आणि आपल्या जळगाव-भुसावळला पारा 44-45 ला टेकतो. काश्मीरच्या पांपोरला जमतं म्हणून इथे उघड्या रानात लावायचं तर विसराच. पुढे फुलं काढायला खोली 17 डिग्रीच्या आसपास आणा, हवेत ओल ठेवा पण कंदावर पाणी शिंपडू नका, सड तिथूनच सुरू होते. लाईट गेली तर काय, याची सोय आधी हवी.

फूल सकाळी, पूर्ण उमलायच्या आत तोडा आणि त्याच दिवशी निवडा. तिन्ही काड्या जिथे जुळतात तिथेच नखाने खुडायचं, खालची पिवळी दांडी राहिली की मोगऱ्याचा (नुसत्या लाल काड्यांच्या केशराचा) लच्छा (दांडीसकटचा हलका माल) झाला आणि भाव पडला. मिरचीसारखं गच्चीवर उन्हात टाकू नका, रंग आणि वास दोन्ही उडतात. ड्रायरमध्ये 45-50 डिग्रीला, काडी कट्‌कन तुटेपर्यंत. पाच ग्रॅम ओल्याचं एक ग्रॅम उरतं, घाबरू नका, तेवढंच उरतं. मग हवाबंद काचेच्या बरणीत, अंधारात.

फुलं झाली की कंद फेकू नका, लगेच मातीत लावा. आपली डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याला मानवते, फेब्रुवारीनंतर ऊन वाढलं की शेडनेट ओढा आणि पानं आपोआप पिवळी पडेपर्यंत कापू नका, त्या पानांवरच खालचे नवे कंद पोसतात.